स्वस्त कार्डाची सरशी

नव्वदच्या दशकात नेटवर्क कार्डाच्या खोक्यावर १० किंवा १०० मेगाबिट छापलेलं असे, मग ते थ्रीकॉमचं असो वा तैवानहून आलेलं बिननावाचं. तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कारण खरा प्रश्न वेगाचा नव्हताच. राबतं कोण, कार्ड की प्रोसेसर, हा होता. नॉव्हेलच्या एनई२०००च्या नकलांमध्ये एकेक बाइट प्रोसेसरलाच उचलावा लागे. थ्रीकॉमचं ३सी९०५ किंवा इंटेलचं प्रो/१०० पीसीआय बसचा ताबा घेऊन डेटा थेट मेमरीत ठेवी.

रिअलटेकची ८१३९ चिपही कागदावर हेच करत होती. पण आलेली सगळी पॅकेट्स ती एकाच गोल बफरमध्ये ओती आणि ती तिथून काढून पुन्हा कॉपी करणं प्रोसेसरच्या गळ्यात पडे. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलने सोर्स कोडमधल्या टिपणीतच तिचे वाभाडे काढले. टीका रास्त होती. पण तोवर प्रोसेसर इतके वेगवान झाले की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट कॉपी करणं त्यांना जड जाईना. आपल्याकडे तर २००४च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस होती; जुनं १० मेगाबिटचं कार्डही त्याच्या चाळीसपट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घरच्या पीसीसाठी महागडं कार्ड मागणाऱ्याला दुकानदाराने वेड्यातच काढलं असतं.

गिगाबिट आलं तेव्हा कार्डापेक्षा वाट अरुंद ठरली. साध्या पीसीआयची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, तीही सगळ्या कार्डांत वाटलेली; गिगाबिटला एका दिशेलाच १२५ लागतात. पीसीआय एक्सप्रेसने ती अडचण संपवली.

मग २००६मध्ये आलं ‘किलर’. स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, आत चक्क लिनक्स आणि किंमत अडीचशे डॉलरच्या वर. गेमरना पिंग कमी करून देण्याचं आमिष. पण पिंगमधला बहुतेक वेळ घराबाहेरच्या तारांवर जातो, तिथे कार्ड काय करणार? माझ्या मते डेस्कटॉपच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी उधळपट्टी.

आता अडीच गिगाबिटची चिप मदरबोर्डवरच येते. तिथेही इंटेलच्या आय२२५च्या सुरुवातीच्या आवृत्तीत पॅकेटांमधल्या अंतराचा दोष निघाला. काही स्विचांशी जोडल्यावर वेग कोसळे. इंटेलला चिपच सुधारावी लागली. बाजारात पर्याय होता रिअलटेकचा.