छातीत धडधडते तेव्हा

आमच्या शेजारच्या वाडीत एक शेतकरी आहे. चांगला धट्टाकट्टा गडी. एकदा तो बाजाराला निघाला होता. एसटी घाटात आली आणि त्याची छाती धडधडू लागली. हातांना मुंग्या आल्या. श्वास पुरेना. ‘आता मी मरतो’ असे त्याला वाटले. गाडी थांबवून तो मधेच उतरला.

तालुक्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत निघाले. तरी त्याने एसटी सोडली. मग बाजार सोडला. पुढे तर वेशीबाहेर पाऊल टाकीना. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. अंगारे झाले, कोंबडे गेले. आम्हीही त्याला चारचौघांत म्हणालो, “एवढा बाप्या, अन् एसटीला भितोस?” तो मान खाली घालून गेला. पुढे चावडीवरही येईना. आमचे चुकलेच.

हे होते कसे? समजा, बैल उधळून तुमच्या अंगावर आला. छाती धडधडते. श्वास भराभर चालतो. पायांना जादा रक्त मिळते. म्हणून तर तुम्ही पळू शकता! पण कधी कधी बैल नसतानाच शरीर असे खडबडून उठते. हाच भीतीचा झटका. भराभर श्वास घेतल्याने मुंग्या येतात, चक्कर येते. साधारण दहा मिनिटांत झटका शिगेला पोचतो, मग आपोआप उतरतो. त्याने माणूस मरत नाही. मात्र छातीत दुखले तर आधी डॉक्टरला दाखवावेच. तिथे आपला अंदाज चालवू नये.

खरी गोम पुढे आहे. माणूस गाडीतून उतरला की त्याला बरे वाटते. मन म्हणते, उतरलो म्हणून वाचलो. बसून राहिला असता तरी झटका उतरलाच असता. पण ते त्याला कळत नाही. म्हणून भीती वाढत जाते. विहिरीची, पालीची, अंधाराची भीतीही अशीच पोसली जाते.

तेव्हा उपाय पळण्याच्या उलट. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाई होत्या. सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत त्यांनी १९२४ साली छापली. मूल आवडीचा खाऊ खात असे, तेव्हा पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणीत. शेवटी ते मूल सशाला कुरवाळू लागले.

आमच्या शेतकऱ्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांनी हीच वाट दाखवली. आधी थांब्यावरच्या उभ्या एसटीत बसायचे. श्वास सावकाश सोडायचा. धडधड उतरेपर्यंत उठायचे नाही. मग एक थांबा, मग दोन. आधी भाऊ सोबत असे, पुढे तोही नाही. गोळ्याही दिल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. दारू तर नकोच. ती उतरली की भीती दुणावते.

दवाखाना लांब असेल तर १४४१६ हा सरकारी फोन आहे. २०२२ सालापासून तो चालू आहे. रात्री-अपरात्री मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

चार महिन्यांनी तो पुन्हा बाजाराला जाऊ लागला. घाटात अजून तळहात ओले होतात म्हणतो. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमीबी एकदा दवाखान्यात चला की! सापाचं नाव काढलं तर पाय वर घेता.”