छोटा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी सरी मोजा



लागणीचे दिवस जवळ आले की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा? टिकाऊ सांगा." बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, भांगलणीला व बांधणीला माणूस मिळत नाही, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याचे उत्तर कंपनीच्या नावात नसून आपल्याच शेतात आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले ते आधी सांगतो.

आमच्या गटातील एका सभासदांनी कर्ज काढून छोटा ट्रॅक्टर घेतला. पूजेला आम्हालाही बोलावणे होते. नारळ फुटला, पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. पण सरी किती फुटांची आहे हे काही आम्ही विचारले नाही. लागण जुन्या पद्धतीची, ३ फुटांची. बाळबांधणीला ट्रॅक्टर सरीत घातला आणि मागची चाके दोन्ही बाजूंचे फुटवे मोडत चालली. चार सऱ्या झाल्या आणि त्यांनी स्वतःच यंत्र बाहेर काढले. ते वर्षभर गोठ्याशेजारी उभे होते. त्यावर कोंबड्या बसत, हप्ता मात्र थांबला नाही. यंत्रात दोष नव्हता. त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट टेपची. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी मोजा. दोन्ही बाजूंना निदान एक वीत, म्हणजे ९ इंच जागा मोकळी हवी. यंत्र ३ फूट रुंद असेल तर सरी साडेचार फुटांची पाहिजे. सरी रुंद केली की ऊस कमी भरेल ही भीती मनातून काढा. भारी जमिनीसाठी १२० ते १५० सें.मी. अंतराची शिफारस आहेच. उजेड व हवा मिळाल्याने ऊस जाड होतो. बांधाकडेला वळायला जागा सोडायला मात्र विसरू नका.

दुसरी गोष्ट ताकदीची. जाहिरातीत इंजिनाची अश्वशक्ती लिहिलेली असते; रोटाव्हेटर फिरवतो तो मागचा पी.टी.ओ., आणि तिथे मिळणारी शक्ती त्याहून कमी असते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती, डिझेलचा खप, इंजिनाच्या भागांची झीज हे सारे असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. आणि १५ अश्वशक्तीच्या यंत्राला ४ फुटी रोटाव्हेटर जोडून त्याचा जीव काढू नका. ३ फुटी पुरे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. नवीन यंत्र घेतलेल्या माणसाला विचारू नका, तो कौतुकच सांगणार. तीन-चार वर्षे वापरलेल्या माणसाच्या वस्तीवर जा. तासांचे मीटर किती झाले ते बघा. यंत्राखाली तेलाचे ओघळ आहेत का, स्टीअरिंग ढिले झाले आहे का, अवजार उचलून धरले तर लिफ्ट हळूहळू खाली येते का, हे पाहा. मग एकच प्रश्न विचारा : "बिघडल्यावर किती दिवस उभे राहिले?" फिल्टर, ऑईल सील आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या गावी मिळत नसेल, तर ऐन बांधणीत यंत्र उभे राहील आणि ऊस काही थांबणार नाही.

चौथी गोष्ट आपल्या हातची. रोज सकाळी तेल-पाणी बघावे, धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर वेळेवर साफ करावा, पहिल्या ५० तासांची सर्व्हिस चुकवू नये. वाफसा नसताना काळ्या रानात घालू नये. जमीनही दबते आणि यंत्रही. अरुंद चाकांचे यंत्र बांधावरून तिरके काढले की उलटते, हे घरच्या पोरांना बजावून सांगा. चालू पी.टी.ओ.जवळ धोतराचा सोगा किंवा पदर जाता कामा नये. दांड्यावरचे झाकण कधीही काढून ठेवू नका.

शेवटी हिशेब. ज्यांचा ऊस दोन एकरच आहे, त्यांच्याकडे यंत्राला वर्षातून थोडेच दिवस काम निघते. त्यांनी भाड्याने काम करून घ्यावे किंवा बांधाला बांध असलेल्या तिघांनी मिळून यंत्र घ्यावे. सहकारी कारखान्याच्या सभासदांना हे नव्याने सांगायला नको!

वर सांगितलेल्या सभासदांनी खोडवा मोडल्यावर पुढची लागण साडेचार फुटांवर केली. सरी पाडायच्या आदल्या दिवशी ते स्वतः आम्हाला न्यायला आले आणि टेपचे दुसरे टोक त्यांनीच धरले. तोच ट्रॅक्टर आज त्यांच्या उसातून फिरतो आहे आणि शेजारच्या दोघांचीही बांधणी करतो आहे.

तरी ज्यांना छोटा ट्रॅक्टर घ्यायचा असेल त्यांनी इसार देण्यापूर्वी गट कार्यालयात एक निरोप द्यावा. आम्ही टेप घेऊन बांधावर येऊ. पेढे नंतर खाऊ.

— ऊस विकास अधिकारी