आजोबांची ट्रंक (भाग ४) : पदकाच्या कडेवरचं नाव

मागच्या भागात कागद वेगळे केले, आज पदकं. आधी एक कळकळीची विनंती. पदक पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका. ओळख पटवणारी अक्षरं पदकाच्या कडेवर असतात आणि घासण्यात तीच आधी झिजतात.

पदक उभं धरा, खिडकीतलं तिरपं ऊन कडेवर पडू द्या आणि सावकाश फिरवा. पहिल्या महायुद्धाचं असेल तर बारीक इंग्रजी अक्षरांत आधी नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण दिसेल. नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. तेव्हा ते घरातल्या नावाशी तंतोतंत जुळलं नाही, तरी पदक परक्याचं ठरवू नका. नंबर आणि पलटण कागदांशी ताडून बघा.

पलटणीचा आकडा फार बोलका असतो. ११० मराठा असेल तर ती पलटण मेसोपोटेमियात लढली आणि १०३ व ११७ मराठा पलटणींबरोबर कुतच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा, उपासमार आणि शेवटी तुर्कांची कैद. पणजोबा त्यातून परत आले असतील, तर ते त्यावर घरात का बोलत नसत, हे समजू शकतं.

१११ महार हा आकडा निघाला तर तो ठेवा जिवापाड जपा. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला. बाबासाहेबांनी आपल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली, त्याला तेव्हा सहा वर्षं होत होती. या रेजिमेंटच्या सुरुवातीच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्यावर मशीनगन आल्या. येवला तालुक्यातल्या एखाद्या घरात नुसत्या स्तंभाचा बिल्ला निघाला, तर आजोबा अगदी सुरुवातीच्या भरतीतले असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या मते अशा बिल्ल्याचं मोल चांदीच्या पदकाहून जास्त.

चांदीवरून आठवलं. १९१४–१८ च्या ब्रिटिश वॉर मेडलमध्ये खरी चांदी असते, त्यामुळे अडीनडीला कितीतरी पदकं सोनाराच्या मुशीत गेली. जोडीचं पितळी छटेचं व्हिक्टरी मेडल तेवढं मागे राहतं. ते एकटं दिसलं म्हणून कमी समजू नका, त्याच्याही कडेवर नाव असतं. तळहाताहून मोठी, सिंह आणि ब्रिटानियाची जड काशाची तबकडी निघाली, तर ते पदक नव्हे. युद्धात मेलेल्याच्या वारसांना ती दिली जाई. तिच्यावर हुद्दा नाही, फक्त नाव.

दुसऱ्या महायुद्धाच्या षट्कोनी ताऱ्यांवर मोहिमेचं नाव समोरच असतं, शिपायाचं मात्र असेलच असं नाही. तारे हरवून वर्दीवरची फितींची पट्टीच उरली असेल, तर रंगांचा क्रम बघा. पैठणीच्या काठातला एक धागा चुकला तरी ओळखणाऱ्या येवल्याला हे शिकवावं लागत नाही. मधोमध रुंद लाल, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्याच्या मधोमध नारिंगी असेल तर बर्मा स्टार. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल हा इटलीचा. १९६५ आणि १९७१ च्या पदकांवर नंबर आणि नाव पुन्हा कडेवर सापडतं.

ट्रंकेत जिवंत काडतूस किंवा बॉम्बसारखं काही दिसलं, तर हात न लावता पोलिसांना कळवा.

नंबर मिळाला की रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं तर आपल्याच जिल्ह्यात, नाशिकरोडला. अर्जात नंबर सगळ्यात वर लिहा, खाली हुद्दा, नाव, गाव आणि तुमचं नातं. कडेचा फोटो जोडा. कसं आणि कुठून विचारायचं यात अडलात, तर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.