समुद्री टाकी : आधी पाणी, मग मासे

घरात गोड्या पाण्याचे मासे ठेवण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. अलीकडे मात्र समुद्रातील प्रवाळ-खडकांची नक्कल करणारी खाऱ्या पाण्याची टाकी घरी असावी, असे अनेक तरुणांच्या मनात येते. खडकांमधून फिरणारे रंगीत मासे सुंदर दिसतात यात शंका नाही. परंतु ही हौस खर्चाची आहे, आणि घाई केल्यास पहिल्या महिन्यातच मासे मरतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी काय ठरवावे याची माहिती आम्ही येथे देत आहोत. शेतकऱ्याला ती अवघड वाटणार नाही, कारण शेतातील मातीत जे काम चालते तेच या टाकीत चालावे लागते.

टाकीत काय घडते?

आपण शेतात युरिया टाकतो. मातीत त्याचा अमोनिया होतो. मग एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते नायट्रेट पीक घेते. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

टाकीतही हेच घडते. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया होतो. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषासारखी आहेत. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून पहिल्याच दिवशी सोडलेला मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. दुकानदाराने वाईट मासा दिला असे आपण समजतो. पण दोष बहुधा न मुरलेल्या पाण्याचा असतो.

शेत आणि टाकी यांत एक फरक आहे. टाकीत नायट्रेट घेणारे पीक नसते. ते साठत जाते, आणि म्हणून दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे लागते.

आकार आणि हिशेब

लहान टाकी नवशिक्याला सोपी, हा समज चुकीचा आहे. थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ५० उंच अशी टाकी सुमारे २०० लिटरची होते. पाण्याचेच वजन २०० किलो, त्यात काच आणि खडक. तेव्हा खाली भक्कम, सपाट चौथरा किंवा लोखंडी घडवंची हवी. खिडकीतले ऊन टाकीवर पडू नये.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीला ७ किलो आणि आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचे तर ७०० ग्रॅम, वर्षाला ३६ किलो मीठ लागेल. हा खर्च आधी धरावा. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातले मीठ येथे चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हेही ठराविक प्रमाणात असतात. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार क्षारमिश्रणच घ्यावे. किनाऱ्यावरच्या वाचकांना खाडीचे पाणी फुकट मिळेल, पण पावसाळ्यात ते गोडसर होते आणि त्यात सांडपाणीही मिसळते.

मीठ आर.ओ. यंत्राच्या पाण्यात मिसळावे. विहिरीच्या पाण्यात खतांचे नायट्रेट असू शकते. मिश्रणाची घनता हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास असावी. मिठागरात पाणी उडते आणि मीठ मागे राहते, तसेच टाकीतही होते. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी, आणि रोज कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे, खाऱ्या पाण्याने नव्हे.

पाणी कसे मुरवावे?

टाकीत वाळू, सच्छिद्र खडक आणि पाणी ढवळणारा पंप बसवावा. जिवाणूंची वस्ती खडकाच्या छिद्रांत होते. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून खडकांचे हे महत्त्व हौशी लोकांना कळले. आपण दुकानातील कृत्रिम सच्छिद्र खडक वापरावेत.

नंतर बाजारातील एक कच्ची कोळंबी टाकीत ठेवावी. ती कुजू लागली की अमोनिया वाढतो. पुढे तो उतरतो आणि नायट्राइट चढते; मग तेही उतरते. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीची साधी बाटली-संच मिळतात, त्यांनी दर दोन-तीन दिवसांनी पाणी पाहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली. मग काही पाणी बदलून दोन लहान क्लाउनफिश सोडावेत. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी. जिवाणूंची संख्या खाद्याच्या बेताने वाढते, एका रात्रीत वाढत नाही.

क्लाउनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात होते. केंद्रीय सागरी मत्स्यविज्ञान संशोधन संस्थेने आपल्या देशात ती पद्धत बसवली आहे. असे पैदाशीचे मासे मागून घ्यावेत. ते टाकीला सरावलेले असतात, आणि समुद्रही लुटला जात नाही.

प्रवाळाबद्दल कायदा

मालवणच्या किनाऱ्याजवळ आणि गोव्याच्या ग्रांदी बेटाजवळही प्रवाळ आहेत. ते तोडून आणण्याचा मोह कोणी करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घालण्यात आले. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. मेलेले प्रवाळ घरी ठेवणे हाही गुन्हा ठरतो. ज्या जिवाचे नाव आणि कागदपत्र विक्रेता देत नाही तो घेऊ नये. शंका असल्यास वनखात्यात विचारावे.

शिवाय प्रवाळ हा नवशिक्याचा जीव नव्हे. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की तो हे शैवाल गमावून पांढरा पडतो. १९९८ च्या उष्णतेत लक्षद्वीपचे प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणात मेले. पहिली टाकी खडक आणि माशांचीच असावी.

ऊन, वीज आणि आरोग्य

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस राहावे. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास माठाप्रमाणे ते दोन-तीन अंश उतरते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मे महिन्यात एवढ्याने भागणार नाही. तेथे शीतयंत्राचा खर्च धरावा, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत हीटरचाही. वीज जाते तेथे बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा.

बागायतदारांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बोर्डो मिश्रणातील मोरचूद म्हणजे तांबे. त्याचा थोडासा अंशही कोळंबी आणि गोगलगाय यांना मारतो. फवारणीची बादली किंवा पंप टाकीसाठी कधीही वापरू नये. फवारणी करून आल्यावर टाकीत हात घालू नये.

हाताला जखम असल्यास टाकीत हात घालू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. समुद्रातून आलेले खडक स्वच्छ करण्यासाठी उकळू नयेत. त्यांच्यावरील काही जिवांत तीव्र विष असते आणि त्या वाफेने घरातील माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. विजेच्या वायरीला खाली झोळ ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही. गळती होताच वीज तोडणारे यंत्रही बसवून घ्यावे.

टाकी नकोशी झाली तर मासे खाडीत सोडू नयेत. ते दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. बदललेले खारे पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नये.

जमीन तयार नसताना कोणी पेरणी करत नाही. रिकाम्या टाकीसमोर सहा आठवडे थांबण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच ही हौस करावी. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची टाकी बरी.