मूळ नक्षत्र, मूलच्या वर्गात

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकताना असंख्य लोकांनी पाहिले. त्याच रात्री मूलला लागून असलेल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे येऊन पडले. नाना तर्क झाले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी कक्षेच्या गणितावरून सांगितले. आकाशातील वस्तूचे स्थान आणि वेळ यांची अचूक नोंद हा अशा गणिताचा पाया होय. ही नोंद घेण्याचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून देणे छोट्या स्वयंचलित दुर्बिणींमुळे शक्य झाले आहे.

अशा दुर्बिणीजवळ रात्रभर कोणी बसत नाही. विद्यार्थ्याने ताऱ्याचे स्थान, गाळणी आणि प्रकाश किती सेकंद साठवायचा, एवढे कळवायचे. पुढे संगणक रांग लावतो, हवामान पाहतो, ढग आले की घुमट मिटतो आणि टिपलेली प्रतिमा महाजालावरून पाठवतो. २००५ मध्ये स्थापन झालेल्या लास कुम्ब्रेस वेधशाळेच्या छोट्या दुर्बिणी अनेक खंडांत विखुरलेल्या असून, भागीदार संस्थांमार्फत त्यांचा काही वेळ शिक्षणासाठी दिला जातो.

मूलसाठी याचे महत्त्व वेगळेच आहे. गावाच्या नावाशी जवळीक सांगणारे मूळ नक्षत्र, म्हणजे वृश्चिकाची नांगी, संध्याकाळच्या आकाशात उत्तम दिसते ते जुलैत. आणि तेव्हा येथे ढगांचे राज्य असते! ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथे मात्र ते जवळजवळ डोक्यावरून जाते. मूलमध्ये दुपारचे अडीच वाजतात तेव्हा तेथे संध्याकाळचे सात वाजून अंधार पडलेला असतो. वेध शाळेच्या वेळेतच घेता येतो.

तथापि, सुंदर छायाचित्र मिळवणे म्हणजे संशोधन नव्हे. खरे काम मोजमापात आहे. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून एखाद्या ताऱ्याची तेजस्विता रात्रीमागून रात्री मोजली की त्याचा आलेख तयार होतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर प्रकाश सुमारे १ टक्क्याने घटतो. ही घट छोट्या दुर्बिणीलाही पकडता येते. २०२० मध्ये सुरतच्या दोन शाळकरी मुलींनी हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा तपासून एक लघुग्रह शोधला. त्यांच्याकडे स्वतःची मोठी दुर्बीण नव्हती. आपल्या देशातही लडाखमधील हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर ७० सेंटिमीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण २०१८ पासून काम करते. भारतीय ताराभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांचा तो उपक्रम आहे. मात्र तिचा भर अल्पकाळ टिकणाऱ्या स्फोटक घटनांच्या संशोधनावर आहे. शालेय उपक्रमासाठी तशीच, पण लहान दुर्बीण पुरेशी ठरावी.

पडद्यावरचा तारा खऱ्या आकाशाची जागा घेईल, ही शंका रास्त आहे. नक्षत्रे न ओळखता नुसते आकडे भरणारा विद्यार्थी कारकून होईल, खगोलप्रेमी नव्हे. सुदैवाने जंगलाच्या कडेला अंधार अजून शिल्लक आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. हिवाळ्यात अंगणातून आकाश पाहावे आणि पावसाळ्यात दूरच्या दुर्बिणीने मोजावे, अशी विभागणी येथे सहज साधेल. त्यासाठी महागड्या घुमटापेक्षा अखंड वीज, बऱ्यापैकी इंटरनेट आणि आलेख वाचायला शिकवणारा एक शिक्षक अधिक निकडीचा आहे.