मण्यांच्या खेळातून आनुवंशिकतेची ओळख

मूल आईच्या वळणावर गेले की वडिलांच्या, ही चर्चा घरोघरी होते. मात्र मुलाला आईवडिलांकडून केवळ रूपच नव्हे, तर काही आजारही मिळू शकतात. सिकलसेल हा असाच एक आनुवंशिक रक्तविकार आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबार परिसरात या विकाराचे रुग्ण आढळतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. मात्र तपासणीचा अहवाल हाती आल्यावर त्याचा अर्थ घरच्यांना उमगणेही तितकेच आवश्यक आहे. त्याची सुरुवात शाळकरी मुलांपासून करता येते.

त्यासाठी दोन पिशव्या आणि चार मणी पुरेसे आहेत. एक पिशवी आईची, दुसरी वडिलांची. प्रत्येकीत एक लाल आणि एक काळा मणी ठेवावा. लाल मणी म्हणजे निरोगी जनुक, काळा म्हणजे सिकलसेलचे जनुक. मुलाने न पाहता दोन्ही पिशव्यांतून एकेक मणी काढायचा. दोन्ही लाल आले, तर बाळाला हे जनुक मिळाले नाही. एक लाल, एक काळा आला, तर बाळ वाहक आहे. सामान्यतः त्याला त्रास होत नाही, पण ते जनुक पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. दोन्ही काळे आले, तर बाळाला सिकलसेलचा आजार होतो. त्याच्या तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना होतात.

प्रत्येक वेळी मणी परत पिशवीत टाकून हा खेळ ४० वेळा खेळावा आणि निकाल फळ्यावर लिहावेत. साधारण १० वेळा दोन्ही लाल, २० वेळा मिश्र आणि १० वेळा दोन्ही काळे, याच्या जवळपास आकडे येतात. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तिघे सुरक्षित, हा समज येथे गळून पडतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक इतकीच राहते. एका पिशवीत दोन्ही मणी लाल ठेवून पाहिले, तर काळी जोडी एकदाही येत नाही. विवाहापूर्वी तपासणी का करावी, हे त्यावरून स्पष्ट होते.

आजारासाठी एकट्या आईला दोष देणे चुकीचे आहे, हेही मुलांच्या ध्यानात येते. कारण एकेक मणी दोन्ही पिशव्यांतून आलेला असतो. सिकलसेल स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

अशा उपक्रमात एक पथ्य मात्र पाळायला हवे. कोणत्याही मुलाचा किंवा त्याच्या कुटुंबाचा तपासणी अहवाल वर्गात विचारू नये. जीभ दुमडता येणे यांसारख्या लक्षणांवरून आईवडिलांशी तुलनाही करू नये. एकसारख्या जुळ्या भावंडांतही असे फरक आढळतात आणि चुकीच्या निष्कर्षामुळे मुलाच्या मनात नाहक शंका निर्माण होऊ शकते.

खेळ संपल्यावर मुलांनी तो घरी मोठ्यांना दाखवावा. रक्ततपासणीची सूचना आल्यावर ती कशासाठी, हे मग घरातच सांगणारे कोणी असेल.