फेरी कुणाच्या हातात?

गाव आणि गाडी : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण एसटीची एक फेरी कशी ठरते ते पाहिलं. गाडी, चालक, वाहक आणि भारमान, म्हणजे गाडी किती भरते त्याचं प्रमाण, या चार गोष्टी जुळल्या की वेळापत्रकात एक ओळ वाढते. एक जरी निसटली तरी ती ओळ पुसली जाते. आज पाहू, निवडणुकीच्या तोंडावर ही ओळ परत कशी लिहून घ्यायची.

समजा, सिंधुदुर्गातल्या बांद्याजवळचा एखादा तिठा आहे. दिवेलागणीची वेळ, बाजार करून निघालेली आजी, हातात सुक्या बांगड्यांची पिशवी.

"गाडी इली काय रे?"

"येवची नाय आज, आजये. कॅन्सल."

मग स्पेशल रिक्षा, नाहीतर कुणा नातवाला फोन. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या आजीला एसटीत तिकीट लागत नाही. ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर तशी सवलत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण न आलेल्या गाडीत फुकट बसता येत नाही आणि अर्ध्या तिकिटातही नाही. प्रचारात सवलतींची यादी वाचली जाईल, तेव्हा पहिला प्रश्न विचारावा : गाडी येणार का?

बांद्याचं भौगोलिक स्थान मोठं सोयीचं वाटतं. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागून, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका हाकेच्या अंतरावर, मडुऱ्याला कोकण रेल्वेचं स्टेशन. तरुण मुलं गोव्यात कामाला, दुखणं मोठं असलं की बांबोळीचं इस्पितळ. पण महामार्गावरून गाड्या धावतात म्हणून आतल्या वाडीत गाडी जाते असं नाही. अडचण असते ती शेवटच्या पाच-सात किलोमीटरची.

आता मुद्द्याचं. गावात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण एकच वाक्य ऐकवतो : "आमची गाडी सुरू करा." तोही मान डोलावतो. पण गाडी त्याच्या हातात असते का?

एसटी महामंडळ राज्याचं. बांद्याजवळचं सावंतवाडी आगार महामंडळाच्या सिंधुदुर्ग विभागात येतं आणि विभागाचा कारभार कणकवलीतून चालतो. फेरी सुरू करणं किंवा बंद करणं हे आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रकांचं काम; आगाराला नवी गाडी मिळणं हा त्याहून वरचा निर्णय. म्हणजे गाड्यांच्या संख्येचा प्रश्न आमदारकीच्या उमेदवाराला विचारायचा. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला विचारायचं ते रस्त्याचं. गावाला जोडणारे बरेच रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. साकव खचला, वळणावरची झाडी वाढली, गाडी वळवायला जागा उरली नाही, की फेरी आपोआप थांबते. ग्रामपंचायतीच्या हातात निवारा, दिवा आणि मुख्य म्हणजे ठराव. मुक्कामाची गाडी हवी असेल, तर चालक-वाहकांना रात्री पाठ टेकायला जागा आणि संडास-पाण्याची सोय लागते. ती गाव करू शकतं.

प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला की त्याचं काम सोपं होतं. "वर कळवतो" म्हणून तो सुटतो.

आता भारमानाचं बघू. फेरी बंद झाल्यावर "भारमान कमी" हे ठरलेलं उत्तर येतं. ते खोटं असतं असं नाही. पण गाडी आठवड्यातून दोनदा चुकली की कामावर जाणारा माणूस दुचाकी घेतो, पोरं खासगी मॅजिक गाडीने जायला लागतात, आणि मग गाडी खरोखरच रिकामी धावते. जी गाडी आलीच नाही, तिच्यासाठी थांबलेली माणसं कुठल्याच तिकीट मशीनमध्ये दिसत नाहीत.

ती मोजायची तर आपणच. थांब्याजवळच्या दुकानात एक चाळीस पानी वही ठेवा. पाच रकाने : तारीख, गाडीची वेळ, प्रत्यक्ष आली ती वेळ, चढलेली माणसं, परत गेलेली माणसं. महिनाभर रोज लिहा. शाळेतली दोन मुलं हे काम हौसेने करतील. बाकीचे आकडे, म्हणजे त्या फेरीचं भारमान आणि रद्द फेऱ्यांची संख्या, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की गावाचं बोलणं गाऱ्हाण्यावरून हिशोबावर येतं.

वेळही महत्त्वाची. आचारसंहिता लागली की नव्या घोषणा थांबतात आणि "आता काही करता येत नाही" हे कारण सगळ्यांना मिळतं. म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि आगाराला अर्ज त्याआधीच पोचलेला हवा, पोच घेऊन. आचारसंहितेच्या काळात उमेदवाराकडून लेखी शब्द घ्यायचा आणि निकालानंतर त्याची आठवण करून द्यायची.

मतदानावर बहिष्काराचा फलकही काही गावं लावतात. त्यामागचा राग समजतो. दोन दिवस अधिकारी येतात, बातमी छापून येते. पण निवडून आलेला माणूस त्या गावाचं काहीच देणं लागत नाही. तिथल्या मतांवर तो आलेलाच नसतो.

बहिष्कारापेक्षा नेमकी मागणी बरी, आणि तिचा एक नमुना केरळात आहे. जुलै २०२२ मध्ये तिथे 'ग्रामवंडी' ही बस योजना सुरू झाली, पहिली गाडी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीत. डिझेलचा खर्च पंचायतीचा; गाडी, कर्मचारी आणि दुरुस्ती तिथल्या एसटी महामंडळाची. मार्ग आणि वेळ पंचायत सुचवते. आपल्याकडच्या उमेदवारांना हे सरळ विचारता येईल : जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून वाडीच्या गाडीचं डिझेल भरायला तुम्ही तयार आहात का, आणि त्यासाठी सरकारकडे परवानगी मागाल का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर.

सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं आणि त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आला. प्रशासक दारात मत मागायला येत नाही. उमेदवार येतो, चहा घेतो, पाच मिनिटं बसतो. त्या पाच मिनिटांत त्याच्या हातात हार देण्याआधी ती वही द्यावी. परत गेलेल्या माणसांचा रकाना त्याने स्वतः वाचावा, मोठ्याने.

(पुढील भागात : गावाने स्वतःच मिनीबस घेतली तर? टप्पा वाहतुकीचा परवाना आणि १९८८ चा मोटार वाहन कायदा.)